जुन्नर छापलं, मंचर अडलं

एका पावतीपुस्तकापासून सुरुवात करतो. मंचरच्या एका मंडळाला वर्गणीच्या पावत्या हव्या होत्या, वर मराठी आणि खाली उर्दू. मराठीचा भाग दहा मिनिटांत जुळला. उर्दूसाठी मी नेटवरून उतरवून ठेवलेला एक देखणा अरबी फॉन्ट लावला. मजकुरात दोन गावांची नावं होती. त्यातलं 'जुन्नर' झकास उमटलं. 'मंचर'मधलं तिसरं अक्षर मात्र बारीक, सरळसोट आणि भलत्याच घराण्यातलं दिसत होतं. सोवळ्याच्या पंगतीत कुणी बूट घालून बसावं, तसं.

कारण साधं आहे. उर्दूत 'जुन्नर' लिहायला जीम, नून आणि रे एवढी अक्षरं पुरतात, आणि ती तिन्ही अरबीत आहेत. 'मंचर'ला 'चे' लागतं, आणि अरबी वर्णमालेत 'चे' नाही. 'पे' नाही, 'गाफ' नाही. टे, डाल, ड़े ही तर खास आपल्याकडची अक्षरं. ज्या फॉन्टच्या कर्त्याच्या डोळ्यांसमोर फक्त अरबी होती, त्याने ती काढलेलीच नसतात. मग संगणक काय करतो? तो गप्प बसून दुसऱ्या कुठल्या तरी फॉन्टमधून ते अक्षर उसनं आणतो. म्हणून जुन्नर आणि ओतूर पास होतात, मंचर, नारायणगाव आणि घोडेगाव नापास. आंबेगाव तालुक्याचं तर नावच 'गाफ'पाशी अडतं.

तेव्हा पहिली कसोटी इथूनच घ्या. कुठलाही नवा फॉन्ट उर्दूसाठी ठरवण्याआधी त्यात 'मंचर', 'घोडेगाव' आणि 'आळेफाटा' ही तीन नावं टाइप करून मोठ्या आकारात बघा. चे, गाफ, डाल, टे, पे आणि श्वास जोडणारी दोचश्मी हे, सगळी अक्षरं त्यात येऊन जातात. एकही अक्षर रांगेतून वेगळं दिसलं, तर तो फॉन्ट कितीही सुंदर असो, उर्दूच्या कामाचा नाही. ('आळेफाटा'तल्या ळ-ला उर्दूत अक्षरच नाही, तिथे लामवर भागवतात. तो दोष फॉन्टच्या माथी मारू नका.)

हा लेख ज्यांच्यासाठी आहे ते लोक मला समोर दिसतात. उर्दू शाळेतल्या प्रश्नपत्रिका स्वतः टाइप करणारे सर, निकाहाच्या पत्रिका छापणारे डीटीपीवाले, मदरशाच्या पावत्या आणि जलशाची हँडबिलं करून देणारे झेरॉक्सच्या दुकानातले पोरगे. यांतले बहुतेक जण एकाच संगणकावर सकाळी ग्रामपंचायतीचा मराठी ठराव टाइप करतात आणि दुपारी उर्दू पत्रिका. सगळी गोम तिथेच आहे.

ऑफिसची सॉफ्टवेअरं, मग ते मायक्रोसॉफ्टचं वर्ड असो की फुकट मिळणारं लिबरऑफिस, जगातल्या लिप्यांची ढोबळ वाटणी तीन कप्प्यांत करतात. एक पाश्चात्त्य, म्हणजे इंग्रजी वगैरे. दुसरा चिनी-जपानी-कोरियन. तिसरा 'कॉम्प्लेक्स', म्हणजे ज्या लिप्यांत अक्षरं शेजारी बघून रूप बदलतात किंवा उजवीकडून डावीकडे जातात त्या. आपली देवनागरी या तिसऱ्या कप्प्यात आणि उर्दूही त्याच कप्प्यात. या कप्प्याला मूळ फॉन्ट एकच देता येतो. दुबईतल्या कारकुनाला याची अडचण नाही, त्याच्याकडे अरबी आणि इंग्रजी हे दोन वेगळ्या कप्प्यांत नांदतात. दिल्लीतल्या हिंदी टंकलेखकालाही नाही. अडचण मराठी आणि उर्दू एकाच कागदावर आणणाऱ्या माणसाची, म्हणजे आपली.

मराठीसाठी बसवलेल्या संगणकात त्या कप्प्यात बहुधा मंगल, निर्मला किंवा लोहित असतो. तुम्ही उर्दू टाइप करायला लागता, वरच्या खिडकीत फॉन्टचं नाव 'मंगल'च दिसत राहतं. पण मंगलमध्ये उर्दूचं एकही अक्षर नाही. र. कृ. जोशींनी तो देवनागरीसाठी घडवला होता. म्हणजे समोर दिसणारी उर्दू अक्षरं कुठल्या तरी उसन्या फॉन्टची आहेत आणि तो कोणता हे तुम्हाला सांगितलेलं नाही. तुमच्या संगणकावर उसनवारी एकाकडून होते, छापखान्याच्या संगणकावर दुसऱ्याकडून. "माझ्याकडे बरोबर दिसत होतं" या भांडणाचं मूळ बहुतेक वेळा हेच असतं.

यावर लोक पटकन एक उपाय करतात तो असा: त्या कप्प्याचा मूळ फॉन्टच उर्दूचा करून टाकायचा. वर्डमध्ये फॉन्टच्या चौकटीत 'सेट ॲज डिफॉल्ट'चं बटण असतं, ते दाबायचं. कृपा करून सामायिक संगणकावर हे करू नका. दुसऱ्या दिवशी मराठी ठराव टाइप करणाऱ्याच्या कप्प्यात उर्दूचा फॉन्ट बसलेला असतो, त्यात देवनागरी नाही, मग आता मराठीची उसनवारी सुरू होते. ओळींमधलं अंतर वेडंवाकडं होतं आणि कुणाला कळत नाही की काय बिघडलं.

माझं मत असं की उर्दूचा मूळ फॉन्ट संगणकाला द्यायचाच नाही. तो स्टाइलला द्यायचा आणि स्टाइल टेम्प्लेटमध्ये ठेवायची. लिबरऑफिसमध्ये आधी टूल्समधल्या ऑप्शन्समध्ये जाऊन भाषांच्या पानावर 'कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट'वर, म्हणजे सीटीएलवर, खूण आहे ना ते बघा. मग कोरा कागद उघडा आणि दोन परिच्छेद-स्टाइल बनवा. एकीचं नाव 'मराठी मजकूर', दुसरीचं 'उर्दू मजकूर'. उर्दूच्या स्टाइलमध्ये फॉन्टच्या पानावर सीटीएल लिहिलेल्या भागात नस्तालिक फॉन्ट निवडा, तिथेच भाषा उर्दू (भारत) ठेवा, आकार मराठीपेक्षा दोन-तीन पॉइंटांनी मोठा द्या, आणि दिशा उजवीकडून डावीकडे करा. मराठी वाक्याच्या पोटात एखाददुसरा उर्दू शब्द येत असेल तर त्यासाठी वेगळी कॅरेक्टर स्टाइल करा. हे सगळं टेम्प्लेट म्हणून साठवा आणि नाव असं द्या की दुकानातल्या नव्या मुलालाही कळेल. वर्डमध्येही रीत तीच, फक्त आधी ऑफिसच्या भाषांमध्ये उर्दू जोडावी लागते. ती जोडली की उजव्या-डाव्या दिशेची बटणं आणि फॉन्टच्या चौकटीतला 'कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट्स' भाग दिसायला लागतो.

दिशेबद्दल एक जास्तीचं वाक्य लिहितो, कारण ही चूक मी शिकलेल्या माणसांच्याही हातून बघितली आहे. ओळ उजव्या कडेला चिकटवणं म्हणजे दिशा बदलणं नव्हे. नुसती उजवीकडे सरकवलेली उर्दू ओळ वाचता येते, पण शेवटचं उद्गारचिन्ह वाक्याच्या सुरुवातीला जाऊन बसतं, कंस उलटे होतात, आणि तारीख किंवा फोन नंबर मध्ये आला की क्रम फिरतो. पत्रिकेत निकाहाची तारीख फिरली तर पाहुणे कधी येतील याचा भरवसा नाही.

आता कोणता फॉन्ट. इथे आधी डोळ्यांच्या सवयीचं बोलायला हवं. अरबी लिपीत दोन मोठ्या वळणांचा व्यवहार चालतो. नस्ख हे सरळ रेषेवर चालणारं वळण. अरबी त्यात छापतात, आज इराणातली फारसीही बहुतांशी त्यातच छापली जाते, आणि सिंधीही. नस्तालिक हे उतरतं वळण. शब्द वर उजवीकडे सुरू होतो आणि तिरका खाली डावीकडे येतो, पायऱ्यांवरून पाणी उतरावं तसा. उर्दू वाचणाऱ्याला नस्तालिकच उर्दू वाटते. नस्खमधली उर्दू त्याला वाचता येते, पण कुणी मराठी लग्नपत्रिका रेल्वेच्या तिकिटाच्या अक्षरांत छापून आणावी तसं त्याला वाटतं. दुसऱ्या बाजूने, कुराणातली आयत किंवा अरबी दुआ नस्तालिकमध्ये घालू नका. त्यासाठी नस्खच हवा, तोही झेर-जबर नीट बसवणारा. पत्रिकेच्या माथ्यावर बिस्मिल्ला आणि खाली उर्दू मजकूर असेल, तर दोन वेगळ्या स्टाइल करा. लिपी एक असली तरी फॉन्ट दोन लागतात, हे 'अरबी लिपीचा फॉन्ट' असं सरसकट म्हणणाऱ्यांच्या लक्षात येत नाही.

नस्तालिक यंत्राला फार उशिरा वश झाली. अक्षरांची उंची शब्दात कुठे आहे यावर बदलते, त्यामुळे शिशाच्या खिळ्यांत ती बसेना. म्हणून उर्दू वर्तमानपत्रं कित्येक दशकं कातिब हाताने लिहीत आणि मग ती छापली जात. १९८१ मध्ये मिर्झा अहमद जमील यांनी मोनोटाइपच्या यंत्रासाठी 'नूरी नस्तालिक' तयार केली आणि पाकिस्तानातल्या 'जंग' दैनिकाने ती वापरायला घेतली. युक्ती अशी की अक्षरं जोडत बसण्याऐवजी हजारो तयार जोड हाताने रेखून ठेवायचे. पुढे १९९४ मध्ये दिल्लीच्या कॉन्सेप्ट सॉफ्टवेअरने 'इनपेज' आणलं, आणि आपल्याकडच्या डीटीपीवाल्यांची उर्दू तिथून सुरू झाली. पुण्याच्या सी-डॅकनेही 'नाशिर' नावाची उर्दूची प्रकाशनप्रणाली काढली होती.

हे सांगायचं कारण असं की आज बऱ्याच संगणकांवर जो 'जमील नूरी नस्तालिक' असतो, तो याच तयार जोडांच्या परंपरेतला. वर्तमानपत्र वाचणाऱ्या जुन्या माणसाला त्याचं वळण ओळखीचं वाटतं, आणि नेहमीची उर्दू त्यात फार छान दिसते. पण आपल्याकडचे शब्द नेहमीचे नसतात. मराठी गावांची, वाड्यावस्त्यांची, आडनावांची नावं आली की कधी एखादा जोड साठ्यात सापडत नाही आणि शब्दाचा सांधा खटकतो. छापण्याआधी नावं तेवढी डोळ्यांखालून घाला. आणि धंद्याच्या कामासाठी वापरण्याआधी अशा फॉन्टचा परवाना वाचून घ्या.

मी टेम्प्लेटमध्ये 'नोटो नस्तालिक उर्दू' ठेवतो. गूगलने तो २०१४ मध्ये मोकळ्या परवान्याखाली दिला, वर्ड आणि लिबरऑफिस दोन्हींत चालतो, आणि दुसऱ्याला पाठवताना मनात चोरटेपणा राहत नाही. त्याचा एक जाच आहे: ओळींमधली जागा तो फार खातो. एका पानाची प्रश्नपत्रिका दीड पानांवर जाते. मग लोक ओळींचं अंतर 'एक्झॅक्टली' किंवा 'फिक्स्ड' करून आवळतात आणि शब्दांची टोपी कापली जाते. आवळायचंच असेल तर टक्केवारीतलं, प्रमाणातलं अंतर वापरा, थोडं थोडं कमी करा आणि दरवेळी छापून बघा, पडद्यावर विश्वास ठेवू नका. 'गुलजार' हा २०२२ मधला मोकळा फॉन्टही बघण्यासारखा आहे. एसआयएल संस्थेचा 'अवामी नस्तालिक' लिबरऑफिसमध्ये सुरेख चालतो, पण तो ग्रॅफाइट नावाच्या तंत्रावर उभा असल्यामुळे वर्डमध्ये नीट जोडत नाही. फाइल वर्डवाल्याकडे जाणार असेल तर तो नको.

नुसतं विंडोज असलेल्याने काहीच उतरवायचं नाही असं ठरवलं, तर 'उर्दू टाइपसेटिंग' नावाचा नस्तालिक फॉन्ट मायक्रोसॉफ्टकडेच आहे. पण विंडोज १० मध्ये तो आपोआप बसलेला नसतो. सेटिंग्जमध्ये भाषांच्या यादीत उर्दू जोडली की अरबी लिपीच्या जादा फॉन्टांचा गठ्ठा येतो, त्यात हा असतो. उर्दूचा कीबोर्डही त्याच वाटेने येतो, आणि तो घ्याच. अरबी कीबोर्डवर उर्दू टाइप करणारे खूप आहेत. अरबी 'काफ' आणि उर्दू 'काफ', अरबी 'ये' आणि उर्दू 'ये' दिसायला सारखे, पण संगणकाच्या लेखी वेगळी अक्षरं. हजेरीपटात निम्मी नावं एका काफने आणि निम्मी दुसऱ्या काफने पडली की शोधताना पोरं सापडत नाहीत.

जाडपणा आणि तिरपेपणाबद्दल दोन शब्द. नस्तालिक मुळातच तिरकी आहे, तिला 'इटॅलिक'चं बटण दाबू नका. जाड हवं असेल तर ज्या फॉन्टला खरा बोल्ड आहे त्याचाच घ्या, नाहीतर संगणक अक्षराला नुसती सूज आणतो. अक्षरांमधलं अंतर वाढवणं हा मराठी मथळ्यांत खपणारा प्रकार उर्दूत शब्दाचे तुकडे करतो.

आकड्यांची एक गंमत आहे. वर्डच्या ऑप्शन्समध्ये उर्दू किंवा अरबी जोडल्यावर 'न्यूमरल' अशी एक निवड दिसते, तिच्यात 'ॲरेबिक' आणि 'हिंदी' असे पर्याय असतात. आपला माणूस देवनागरी आकडे मिळतील म्हणून 'हिंदी' निवडतो आणि समोर अरबांचे आकडे येतात. 'ॲरेबिक' निवडलं तर इंग्रजी 1-2-3. अरब लोक आपल्या आकड्यांना हिंदी म्हणत आले, युरोपवाले अरबी म्हणत आले, आणि वर्डने दोघांची नावं जशीच्या तशी ठेवली. या वादाचा आपल्या भागाशी संबंध आहे. नाणेघाटातल्या सातवाहनांच्या लेण्यात दान दिलेल्या गायी-घोड्यांची गणती कोरलेली आहे, आणि भारतातल्या अंकचिन्हांच्या सगळ्यात जुन्या नमुन्यांत ती मोडते. जुन्नरहून तासा-दीड तासात जाऊन बघून येता येईल.

कामाचं सांगायचं तर पावत्या, पत्ते आणि फोन नंबरांत इंग्रजी आकडेच ठेवा, वाचणारे सगळे ते वाचतात. उर्दू आकडेच हवे असतील तर एक सापळा सांभाळा. चार, सहा आणि सात हे आकडे उर्दूत एका वळणाचे आणि फारसीत दुसऱ्या वळणाचे, पण संगणकात त्यांचा कोड एकच. नस्ख फॉन्टमध्ये कोणतं वळण दिसेल ते मजकुराची भाषा काय नोंदवली आहे यावर ठरतं. मराठी माणसाला हे नवं नाही. आपल्या वळणाचा 'ल' आणि 'श' हिंदी वळणाच्या फॉन्टमध्ये वेगळाच दिसतो, कोड तोच असतो, आणि महाराष्ट्र शासनाला २००९ मध्ये देवनागरीच्या मराठी वळणाबद्दल स्वतंत्र शासन निर्णय काढावा लागला. म्हणून स्टाइलमध्ये भाषा 'उर्दू' नोंदवा असं मी वर म्हटलं, ते नुसतं शुद्धलेखनासाठी नव्हतं.

तक्ते, हजेरीपट, निकालपत्रकं यांत मी नस्तालिकचा हट्ट सोडतो. चौकटी लहान, ओळी ठेंगण्या, तिथे ती कापली जाते नाहीतर तक्ता दुप्पट लांबतो. 'नोटो नस्ख अरेबिक' किंवा 'शहरजाद न्यू' लावा, दोन्हींत उर्दूची सगळी अक्षरं आहेत आणि दोन्ही फुकट. मथळा नस्तालिकमध्ये, आतली नावं नस्खमध्ये, हे दिसायलाही वाईट दिसत नाही. तक्त्याच्या पानाची दिशा मात्र उजवीकडून ठेवा, म्हणजे अनुक्रमांक उजव्या टोकाला येतो.

फ्लेक्स आणि पाट्या हा वेगळा खेळ. १५ एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अकोला जिल्ह्यातल्या पातूर नगरपरिषदेच्या पाटीवर मराठीबरोबर उर्दू असायला हरकत नाही असा निकाल दिला. पण न्यायालयाने परवानगी दिली म्हणून फ्लेक्सवाल्याच्या सॉफ्टवेअरला उर्दू येत नाही. जुन्या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये मजकूर चिकटवला की अक्षरं सुटी होतात आणि उलट्या क्रमाने उभी राहतात, जशी आपली पहिली वेलांटी तिथे भलत्या अक्षरावर जाऊन बसते. मोठी पाटी छापून झाल्यावर हे कळणं महाग पडतं. तेव्हा मजकूर कॉपी-पेस्ट करून देऊ नका. लिबरऑफिसमधून पीडीएफ काढा, आणि डिझाइनवाल्याला ती मजकूर म्हणून न उघडता आकृती म्हणून घ्यायला सांगा.

पाठवणी कोणतीही असो, पीडीएफच बरी. तिच्यात फॉन्ट सोबत जातो. दुरुस्तीसाठी मूळ फाइलच पाठवायची असेल तर फाइलमध्ये फॉन्ट भरून पाठवण्याची सोय दोन्हीकडे आहे, लिबरऑफिसमध्ये फाइलच्या प्रॉपर्टीजमध्ये, वर्डमध्ये ऑप्शन्समधल्या 'सेव्ह'च्या पानावर. व्हॉट्सॲपवर नुसता मजकूर टाकला तर बहुतेक अँड्रॉइड फोनांवर तो नस्खमध्ये दिसतो, काही आयफोनांवर नस्तालिकमध्ये, त्यामुळे फोनवरच्या रूपावरून पत्रिका पास करून घेऊ नका.

जुन्या इनपेजच्या फायली ज्यांच्याकडे पडून आहेत त्यांनी त्या युनिकोडमध्ये आणून ठेवाव्यात. सुरुवातीच्या इनपेजचा मजकूर हा श्रीलिपीच्या जुन्या मराठी मजकुरासारखाच, त्याच सॉफ्टवेअरमध्ये अर्थ असलेला, बाहेर काढला की चिन्हांचा ढिगारा. बदलून घेतल्यावर नावं पुन्हा वाचा, विशेषतः बडी ये आणि नून गुन्ना कुठे हरवले का ते.

जुन्नरने एके काळी कागद पुरवला. इथल्या कागदी कुटुंबांनी हाताने केलेला जुन्नरी कागद मराठी दप्तरांत गेला, त्यावर मोडी उमटली. आणि १४९० मध्ये मलिक अहमदने निजामशाही उभी केली ती याच जुन्नरातून, तेव्हा दरबाराची फारसीही इथे नांदली. मोडी आणि फारसी एकाच गावात लिहिणाऱ्या कारकुनांना बोरू वेगवेगळे कापावे लागत, मोडीला वेगळा आणि फारसीला वेगळा. कप्प्यांची भानगड त्यांनाही होतीच.

टेम्प्लेट तयार झालं की त्यातून एक पान छापा: वर बिस्मिल्ला, खाली चार ओळी उर्दू, शेजारी मराठी, शेवटी तीन गावांची नावं आणि एक तारीख. पडद्यावर नाही, कागदावर. ते पान मोहल्ल्यातल्या चष्मा लावून वर्तमानपत्र वाचणाऱ्या एखाद्या चाचांच्या हातात द्या आणि काही न सांगता वाचायला लावा. ते कुठे थांबतात तेवढं बघा. माझ्या पावतीवर ते 'मंचर'पाशी थांबले होते.